नदीचं नाव क्लबला, खेळाचं नाव युद्धाला

तेगुसिगाल्पा या होंडुरासच्या राजधानीत मोतागुआ नावाचा एक फुटबॉल क्लब आहे. मोतागुआ हे नदीचं नाव. गंमत अशी की ही नदी तेगुसिगाल्पाच्या आसपासही वाहत नाही. तिचं जवळजवळ सगळं खोरं शेजारच्या ग्वातेमालात आहे. मग २९ ऑगस्ट १९२८ रोजी काढलेल्या क्लबला परक्या देशातल्या नदीचं नाव का दिलं? कारण ती नदी तेव्हा परक्या देशातली ठरलेली नव्हती. त्या खोऱ्यावरून होंडुरास आणि ग्वातेमाला यांच्यात सीमावाद पेटला होता. वादाच्या मुळाशी केळी होती. ग्वातेमालाच्या पाठीशी युनायटेड फ्रूट कंपनी, होंडुरासच्या पाठीशी कुयामेल फ्रूट कंपनी. (पुढच्याच वर्षी युनायटेड फ्रूटने कुयामेल विकत घेतली. म्हणजे भांडणारे दोन्ही मालक एकाच ऑफिसात बसले, आणि नकाशावरचा वाद मात्र चालूच राहिला.) १९३३ साली लवादाचा निकाल लागला आणि खोऱ्याचा मोठा भाग ग्वातेमालाकडे गेला. नदी गेली, पण क्लबच्या नावात ती राहिली.

मला हे नाव फार आवडतं. त्यात कसलाही आडपडदा नाही. एका खेळाच्या संघाने जमिनीच्या भांडणाचं नाव उघडपणे छातीवर लावलंय. आज निळा शर्ट घालून ते नाव ओरडणाऱ्या कितीजणांना लवाद आठवत असेल, ते सोडा. पण कोणी विचारलंच, 'हे नाव कशाचं?', तर उत्तर जमिनीपर्यंतच जाऊन पोचतं.

चाळीस वर्षांनंतर याच देशात बरोबर उलटं घडलं. १४ जुलै १९६९ रोजी एल साल्वादोरने होंडुरासवर हल्ला केला. शंभर तासांच्या आसपास लढाई झाली. तीही मुळात जमिनीवरून. पण जगाने तिला नाव दिलं 'फुटबॉल युद्ध'. हे नाव तेव्हाच्या बातम्यांमध्ये फिरत होतंच. पण त्याला साहित्यात कायमचं घर मिळवून दिलं ते रिशार्ड कापुश्चिन्स्की या पोलिश पत्रकाराने. त्याचं त्याच नावाचं पुस्तक १९७८ साली पोलिशमध्ये आलं, पुढे विल्यम ब्रँड यांच्या इंग्रजी अनुवादातून ते सगळीकडे गेलं. पुस्तकात आफ्रिकेवरचा मजकूर खूप आहे, पण लोकांच्या लक्षात राहतो तो नावाला कारण झालेला हा एक लेख. तुम्ही पुस्तक वाचलं नसेल तरी त्याचं सार तुमच्या फोनवर येऊन गेलेलं असणार: दोन देश, एक मॅच, आणि मॅचवरून युद्ध. सोबत डोक्याला हात लावलेला इमोजी.

या लेखाबद्दल माझी एक तक्रार आहे. पण आधी तो इतका वाचला का जातो, ते सांगायला हवं.

लेख सुरू होतो मेक्सिकोत. कापुश्चिन्स्कीचा पत्रकार मित्र लुईस सुआरेझ (उरुग्वेचा चावरा नव्हे, हा वेगळा) वर्तमानपत्रात सामन्याची बातमी वाचतो आणि युद्ध होणार म्हणून सांगतो. मग तेगुसिगाल्पातला पहिला सामना: पाहुण्या साल्वादोरी खेळाडूंना झोप लागू नये म्हणून हॉटेलखाली रात्रभर चाललेला गोंगाट, आणि शेवटच्या मिनिटाला होंडुरासचा गोल. तिकडे सान साल्वादोरमध्ये अमेलिया बोलान्योस नावाची अठरा वर्षांची मुलगी टीव्हीवर तो गोल बघून वडिलांच्या पिस्तुलाने स्वतःला संपवते. तिच्या अंत्ययात्रेत राष्ट्राध्यक्ष आणि राष्ट्रीय संघ चालतो. मग परतीचा सामना, चिलखती गाड्यांतून मैदानावर नेलेला होंडुरासचा संघ, जाळलेला झेंडा. हे सगळं तो तीन-चार पानांत उरकतो, आणि वाचताना आपल्याला वाटतं की युद्धाचं कारण आपल्याला कळलं.

पुढे तो स्वतः तेगुसिगाल्पात पोचतो आणि लेख एकदम वरच्या पातळीला जातो. पहिला बॉम्ब पडतो, शहरातले सगळे दिवे बंद होतात. परदेशी पत्रकार म्हणून तो जवळजवळ एकटाच आहे. बातमी वॉर्साला पाठवायला टेलेक्स हवा, म्हणून तो मिट्ट काळोखात भिंती चाचपत निघतो, आणि वाटेत कचऱ्याच्या डब्याला धडकतो. त्या एका डब्याच्या गडगडाटाने सगळं शहर जागं होईल अशी भीती त्याने अशी काही लिहिलीय की आपणही श्वास धरतो. मग सीमेवरचं जंगल. तिथे एक होंडुरासी सैनिक मेलेल्यांच्या पायांतले बूट गोळा करतोय, कारण गावाकडे त्याच्या घरची माणसं अनवाणी आहेत. या प्रसंगात कापुश्चिन्स्की काहीही समजावत बसत नाही. माझ्या मते या लेखात युद्धाचं खरं कारण कुठे दिसत असेल तर ते इथे, त्या बुटांत. दोन्ही बाजूंचे सैनिक एकच भाषा बोलतात, एकसारखे दिसतात, आणि दोघांकडेही धड पायताण नाही.

पण लोक बूट फॉरवर्ड करत नाहीत. ते अमेलिया बोलान्योस फॉरवर्ड करतात.

ही मुलगी खरंच होती का, याबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या. एकूणच कापुश्चिन्स्कीच्या तथ्यांवर बरंच लिहिलं गेलंय. जॉन राइल यांनी २००१ साली त्याच्या आफ्रिकेवरच्या लेखनातल्या चुका मोजून दाखवल्या, आणि २०१० मध्ये आर्तुर दोमोस्वाव्स्की यांनी लिहिलेल्या चरित्रावरून पोलंडमध्ये मोठं वादळ उठलं. त्या वादात मला इथे शिरायचं नाही. समजा, अमेलिया होती. समजा, अंत्ययात्राही अगदी तशीच निघाली. तरी माझी तक्रार उरतेच, कारण ती खऱ्या-खोट्याची नाही, मांडणीची आहे.

युद्धाची आर्थिक कारणं कापुश्चिन्स्कीला ठाऊक होती. त्याने ती लिहिलीही आहेत: साल्वादोरची जमीनदार कुटुंबं, फळकंपन्या, सीमा ओलांडून गेलेले तीन लाख शेतकरी, होंडुरासचा जमीनसुधारणेचा कायदा. पण ही सगळी माहिती येते लेखाच्या शेवटाकडे, लढाई संपल्यावर, एखाद्या तळटीपेच्या आवाजात. तोवर वाचकाच्या मनात गोष्ट लावून झालेली असते. गोलासाठी जीव देणाऱ्या मुलीला नाव, वय, खोली, टीव्ही आणि पिस्तूल मिळतं. हाकललेल्या कुटुंबांच्या वाट्याला येतो आकडा. आणि शीर्षकातही जागा फुटबॉललाच.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे एखाद्या फंक्शनला 'ईमेल पाठवा' असं नाव दिलेलं असेल आणि आतमध्ये ते खात्यातून पैसे कापत असेल, तर वर्षानुवर्षं कोणी उघडून बघत नाही. सगळे नावावर विश्वास ठेवून ते वापरत राहतात. आत एका कोपऱ्यात कोणीतरी प्रामाणिक कॉमेंट लिहून ठेवलेली असते, 'इथे पैसेही कापले जातात'. त्या कॉमेंटचा उपयोग शून्य. कापुश्चिन्स्कीची शेवटची पानं ही मला अशी कॉमेंट वाटतात.

तर आत काय होतं?

एल साल्वादोर हा एकवीस हजार चौरस किलोमीटरचा देश; होंडुरास त्याच्या पाचपटीहून मोठा, आणि १९६९ मध्ये लोकसंख्या मात्र साल्वादोरचीच जास्त. यावरून बरेचजण पटकन म्हणतात की लोक फार झाले, जमीन पुरेना, म्हणून ते पलीकडे गेले. विल्यम ड्युरॅम या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ च्या आपल्या पुस्तकात हे म्हणणं तपासून खोडलंय. जमीन कमी पडण्यापेक्षा ती मूठभरांच्या हातात होती हा मुद्दा मोठा. कॉफी, कापूस आणि ऊस या निर्यातीच्या पिकांखाली चांगल्या जमिनी गेल्या, आणि मका पिकवणाऱ्याला उतारावरची खडकाळ पट्टी उरली. त्याच्या आधी १९३२ साली याच देशात शेतकऱ्यांनी उठाव केला होता आणि सैन्याने हजारोंच्या संख्येने माणसं मारली होती. जमिनीचा प्रश्न घरात विचारायची सोय नव्हती. म्हणून लोक सीमा ओलांडून गेले. कोणी केळीच्या मळ्यात राबले, कोणी मोकळ्या जमिनीवर मका लावला. असं करत १९६९ पर्यंत होंडुरासमध्ये साधारण तीन लाख साल्वादोरी झाले.

आता होंडुरासमध्येही भूमिहीन शेतकरी जमीन मागू लागले होते. तिथल्या बड्या जमीनदारांनी आणि गुरांच्या मालकांनी १९६६ मध्ये आपली संघटना बांधली होती. आपल्या जमिनीला हात लागू नये यासाठी परक्यांकडे बोट दाखवणं त्यांना सोयीचं होतं. पुढचा क्रम नीट बघा. जानेवारी १९६९: दोन देशांमधला स्थलांतराचा करार होंडुरासने पुढे चालू ठेवायला नकार दिला. एप्रिल: ज्यांचा जन्म होंडुरासमधला नाही त्यांना जमीनसुधारणेतल्या जमिनींवरून काढणार, असं जाहीर झालं. मेअखेर: साल्वादोरी कुटुंबं डोक्यावर गाठोडी घेऊन परत येऊ लागली. आणि ८ जून: तेगुसिगाल्पात पहिला सामना.

सिस्टीम बंद पडली की नवखा माणूस लॉगमधली शेवटची ओळ बघतो आणि म्हणतो, सापडलं. शेवटची ओळ फक्त शेवटची असते.

तिसरा सामनाही विसरू नये. पहिला होंडुरासने १-० जिंकला, १५ जूनचा दुसरा साल्वादोरने ३-०. तेव्हाच्या नियमात गोलांची बेरीज धरत नव्हते, म्हणून निर्णायक सामना जूनअखेर मेक्सिको सिटीत झाला आणि जादा वेळेत माउरिसिओ 'पिपो' रोद्रिगेझच्या गोलवर साल्वादोरने तो ३-२ जिंकला. त्यानंतर युद्ध सुरू व्हायला दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला. आणि साल्वादोर जिंकलेला असताना हल्ला साल्वादोरनेच केला! हरलेल्या देशाने चिडून बॉम्ब टाकले असते तर 'फुटबॉल युद्ध' हे नाव निदान ओढूनताणून बसलं असतं. या युद्धाची किंमत कापुश्चिन्स्की सहा हजार मृत्यू अशी सांगतो. इतर बरेच अंदाज दोन-तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि मेलेल्यांत गावकरीच जास्त. बेघर होऊन परतलेले वेगळे, त्यांचे अंदाज साठ हजारांपासून एक लाख तीस हजारांपर्यंत जातात.

या नावाने आणखी एका गोष्टीवर अन्याय केलाय, ती म्हणजे खुद्द तिथला फुटबॉल. जगाच्या दृष्टीने या देशांच्या खेळाचा इतिहास म्हणजे हे तीन सामने. आधी काही नाही, नंतर काही नाही. कापुश्चिन्स्कीच्या लेखात खेळाडू फक्त घाबरतात, जागे राहतात आणि गाड्यांत कोंबले जातात. ते खेळतात कसे, याबद्दल तो एक वाक्यही खर्चत नाही. फुटबॉलवरून नाव घेतलेल्या लेखात फुटबॉल नाही, हे मला वाचक म्हणून खटकतं.

सान साल्वादोरचा अलिआन्सा क्लब घ्या. एर्नान कारास्को नावाच्या चिलीच्या प्रशिक्षकाने साठच्या दशकात हा संघ असा घडवला की पांढऱ्या कपड्यांमुळे आणि लयीत फिरणाऱ्या पासेसमुळे लोक त्याला वाद्यवृंद म्हणायचे. १९६६ मध्ये त्यांनी मित्रत्वाच्या सामन्यात पेलेच्या सान्तोसला २-१ ने हरवलं. १९६७ मध्ये उत्तर आणि मध्य अमेरिकेचं क्लब विजेतेपद मिळवलं. मध्य अमेरिकेतल्या कुठल्याही क्लबसाठी ते पहिलं. अलिआन्साचा बचावपटू साल्वादोर मारिओना पुढे राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला, आणि १९७० च्या विश्वचषकात संघाची सूत्रं कारास्कोकडेच होती. म्हणजे १९६९ च्या जूनमध्ये मैदानात उतरलेला संघ हा संतापातून उगवलेला जमाव नव्हता. त्याच्या मागे सहा-सात वर्षांची मेहनत होती. आणि होंडुरासला हरवून ते विश्वचषकाला गेले, असं जे सर्रास लिहिलं जातं तेही अर्धवट. युद्ध संपल्यावर त्यांना हैतीशी खेळावं लागलं. तिथेही तीन सामने, त्यातला एक घरच्या मैदानावर ३-० ने हरले, आणि शेवटी जमैकातल्या किंग्स्टनला १-० जिंकून पात्र ठरले. त्या पराभवावरून हैतीवर कोणी विमानं पाठवली नाहीत. विश्वचषकात तर तिन्ही सामने हरले, एकही गोल झाला नाही.

त्याच वर्षी सीमेपलीकडेही फुटबॉल चालूच होता. होंडुरासची राष्ट्रीय लीग १९६५ मध्ये सुरू झालेली. १९६८-६९ च्या मोसमात ती पहिल्यांदा जिंकली मोतागुआने, नदीचं नाव घेतलेल्या त्याच क्लबने. सान पेद्रो सुला शहरातल्या एस्पान्या क्लबची स्थापना १४ जुलै १९२९ ची. म्हणजे त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी युद्ध सुरू झालं. या क्लबांच्या इतिहासात केळीचे मळे, बंदरं, रेल्वे, लष्करी राजवटी असं सगळं सापडतं. ते धागे धरून कोणी १९६९ वर लिहिलं असतं तर आपल्याला एक वेगळंच पुस्तक मिळालं असतं. पिपो रोद्रिगेझने म्हातारपणी दिलेल्या मुलाखतीत म्हटलंय की त्या गोलचा त्याला अभिमान आहे, पण राजकारण्यांनी तो विजय आपल्या कामासाठी वापरला. गोल करणाऱ्याला हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं. कापुश्चिन्स्कीच्या मांडणीत त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाला जागाच नाही.

फुटबॉल निरागस असतो, असं मला अजिबात म्हणायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तेगुसिगाल्पात मोतागुआ आणि ओलिम्पिया या एकाच शहरातल्या संघांच्या सामन्याआधी मोतागुआच्या बसवर हल्ला झाला, खेळाडू जखमी झाले, हाणामारीत चाहत्यांचा जीव गेला. मे २०२३ मध्ये सान साल्वादोरच्या कुस्कात्लान स्टेडियममध्ये अलिआन्साच्या सामन्याला चेंगराचेंगरी होऊन बारा जण गेले. या गोष्टी फुटबॉलच्या आहेत आणि त्यांचा हिशोब फुटबॉलने द्यायचा आहे. पण तीन लाख शेतकऱ्यांचा हिशोब त्याच्या खात्यावर टाकला की ज्यांनी तो द्यायचा ते मोकळे सुटतात.

आणि ते खरोखरच सुटले. साल्वादोरला परतलेल्यांना जमीन मिळाली नाही. तो असंतोष पुढच्या यादवीच्या कारणांपैकी एक ठरला. १४ मे १९८० रोजी साल्वादोरी सैन्यापासून पळणारे शेतकरी, बायका, मुलं सीमेवरच्या सुम्पुल नदीतून पलीकडे जायला निघाले. पलीकडे होंडुरासचे सैनिक उभे होते, त्यांनी वाट अडवली. किमान तीनशे माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ च्या अहवालात नोंदवलं, आणि होंडुरासच्या सैन्याच्या साथीशिवाय हे शक्य नव्हतं हेही. लक्षात घ्या, तेव्हा दोन देशांमध्ये शांतता करार झालेलाही नव्हता. तो त्या वर्षी ३० ऑक्टोबरला झाला. कागदावर शत्रू असलेली दोन सैन्यं शेतकऱ्यांच्या बाबतीत एका बाजूला होती. 'फुटबॉल युद्ध' डोक्यात ठेवून या घटनेचा अर्थ लागतच नाही. जमीन डोक्यात ठेवून वाचा, लगेच लागतो.

सुम्पुल हे नाव फोनवर कोणी पाठवत नाही. त्यात इमोजीला जागा नाही.

आता त्या सामन्यांचं उरलेलं. नोव्हेंबर १९८१ मध्ये पुढच्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धा तेगुसिगाल्पात भरली. स्टेडियम तेच, जिथे ८ जून १९६९ चा सामना झाला होता. एल साल्वादोरचा संघ, स्वतःच्या देशात यादवी पेटलेली असताना, तिथे उतरला. होंडुरासविरुद्धचा त्यांचा सामना ०-० सुटला. शेवटी चित्र असं झालं की होंडुरासची जागा पक्की होती, आणि त्यांचा राहिलेला एक सामना होता मेक्सिकोशी. मेक्सिको जिंकला असता तर तो स्पेनला गेला असता आणि साल्वादोर घरी. होंडुरासला त्या सामन्यातून स्वतःसाठी काहीच मिळवायचं नव्हतं. २२ नोव्हेंबरला ते नव्वद मिनिटं खेळले, आणि मेक्सिकोला एकही गोल करू दिला नाही. ०-०. एल साल्वादोर विश्वचषकाला.